तो नाला मी लिहिला

गेल्या महिन्यात कॉलेजातल्या दोन मुली घरी आल्या. पनवेलच्या जुन्या पाण्यांच्या आठवणी त्या गोळा करत होत्या. हातात छापील फॉर्म होता आणि त्यावर पहिलाच प्रश्न होता, तुमच्या भागातल्या खाडीची तुमची सर्वांत सुखद आठवण कोणती. मी म्हटलं, सुखद राहू दे, खरी सांगते. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. फॉर्मवर दोन ओळींची जागा होती. चहा पिऊन त्या गेल्या आणि मी दोन दिवस घरात भांडी आपटत फिरत होते.

राग मुलींवर नव्हता. हल्ली सगळे ज्या सुरात बोलतात त्या सुरावर होता. काय ते पाणी होतं, काय ते मासे होते, गेलं हो सगळं. जसं काही ते पाणी वय होऊन गेलं. आमची खाडी वय होऊन गेली नाही. ती बुजवली. ज्यांनी बुजवली त्यांच्यात मीही होते, म्हणून ते कसं झालं हे मला नेमकं ठाऊक आहे.

आमची आळी पनवेलच्या खाडीकडच्या टोकाला होती. भाड्याच्या दोन खोल्या, मागे न्हाणीघर, आणि न्हाणीघरापासून हाकेच्या अंतरावर पाणी. मोठ्या खाडीचा तो एक फाटा. त्याला सगळे धाकटी खाडी म्हणायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की भर दुपारी पाणी वर चढत यायचं आणि आमच्या मोरीतून उलटे बुडबुडे निघायचे. अष्टमीच्या आसपास, ज्याला कोळी लोक भांग म्हणतात, त्या दिवसांत पाणी इतकं मागे राहायचं की दुपारी नुसता चिखल दिसायचा आणि त्यावर टुणटुण उडणाऱ्या निवट्या, चिखलातले छोटे मासे. त्या चिखलाला वास होता. उन्हाळ्यात तर आई मागचं दार लावून स्वयंपाक करायची. हे मुद्दाम सांगते. ती खाडी सुंदर होती म्हणून राखायला हवी होती असं माझं म्हणणं नाही. ती लोकांच्या रोजच्या कामाची होती.

आमच्याकडे मासे घेऊन येणारी कोळीणमावशी त्याच खाडीत होडी लावायची. होडी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर ती दिराबरोबर स्वतः जायला लागली. खाडीच्या पलीकडच्या काठाला शेतांचा बांध होता आणि बांधात एक लाकडी दार, त्याला उघाडी म्हणतात. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून ते लावायचं आणि पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उघडायचं. ते काम एक आगरी आजोबा करायचे. त्यांचे वडील मिठागरावर होते, ते स्वतः उघाडीवर. बांधाच्या पायथ्याला कातकऱ्यांच्या पाच झोपड्या होत्या. पावसाळाभर ती माणसं चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्या पकडून बाजारात विकायची आणि दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर जायची.

दहावीनंतर मी आय.टी.आय.ला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला. वर्गात आम्ही तीन मुली, पण सर्टिफिकेटवर ड्राफ्ट्समन असंच छापलेलं. वडील पोस्टात होते. त्यांनीच कुणाला तरी सांगून मला एका सर्व्हेच्या ऑफिसात लावलं. एसटी स्टँडच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. साहेब, एक सर्व्हेअर, मोजणीची साखळी ओढणारे दोन चेनमन आणि मी. सर्व्हेअरने मोजून आणलेल्या आकड्यांवरून ट्रेसिंग पेपरवर शाईने नकाशा काढायचा हे माझं काम. चूक झाली तर अर्ध्या ब्लेडने शाई हलक्या हाताने खरवडायची. जिन्याखालच्या खोलीत अमोनियाच्या वाफेवर प्रिंट निघायच्या, त्या वासाने डोळे चुरचुरायचे. इंग्रजी अक्षरांना स्टेन्सिल होती. मराठी अक्षरं हाताने काढावी लागायची. माझं अक्षर चांगलं होतं, म्हणूनच मला ठेवलं होतं. मी हे शेजारीपाजारी सांगायचेही.

न्हावा शेव्याचं बंदर तेव्हा नुकतंच चालू झालं होतं. ट्रक-ट्रेलर रांगेने पनवेलवरून जायला लागले होते. त्यांना उभं राहायला जागा पाहिजे होती, माल ठेवायला गोदामं पाहिजे होती. ज्या खाजणाकडे, खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीकडे, कुणी ढुंकून बघत नव्हतं त्याचे एकदम प्लॉट झाले. आमच्या ऑफिसात रोज कुणीतरी सातबारा घेऊन बसलेलं असायचं.

दसरा झाल्यावर एक दिवस साहेब म्हणाले, "तुझ्या घरामागचंच काम आलंय. तू पण जा बरोबर, तुला तिथली माहिती आहे."

मला अभिमान वाटला. खरंच वाटला. आपल्या आळीत आपण पट्टी आणि वही घेऊन सर्व्हेला उभ्या आहोत, लोक बघतायत.

तो दिवस अष्टमीचा होता. दुपारी बारा वाजता आम्ही चेन टाकली तेव्हा खाडीच्या मधोमध जेमतेम एक धार वाहत होती. सर्व्हेअरने धारेच्या दोन्ही काठांना काठ्या रोवल्या आणि रुंदी लिहून घेतली. उघाडीवरचे आजोबा बांधावर उकिडवे बसून हे सगळं बघत होते. थोड्या वेळाने ते उठून आले.

"काय मोजताव?" त्यांनी विचारलं.

"पाणी," सर्व्हेअर म्हणाला.

"आज भांग हाय. आज पानी नाय येत. पुनवेला दुपारच्याला या, मंग मोजा. या काठावर हुबं राहता नाय येनार तुमाला."

सर्व्हेअर हसला. "आजोबा, आम्हाला पुनवेपर्यंत थांबायला कोण देतंय."

आजोबा माझ्याकडे वळले. "बाय, तू तर हितलीच ना. तुला तर ठावं हाय."

मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बघते मी ऑफिसात सांगून." आणि वहीत ती धारेची रुंदी लिहून घेतली.

ऑफिसात मी सांगितलं, हे मात्र खरं. दोन दिवसांनी ट्रेसिंग चालू केलं तेव्हा मी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि म्हटलं, "सर, ती खाडी आहे. भरतीला बरीच रुंद होते. रुंदी पुन्हा घ्यायला पाहिजे."

साहेब वाईट माणूस नव्हते. दिवाळीला माझ्या आईसाठी मिठाईचा पुडा द्यायचे. त्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "हे बघ. खाडी लिहिलं की हा कागद पाच टेबलं फिरणार. वर्ष जाईल. नाला लिहिलं की पाइप टाकायचे, वर भराव करायचा, मोकळं. पाणी जायला वाट ठेवतोच आहोत की आपण."

"पण तो नाला नाही."

"परवा तू मोजलंस तेव्हा किती पाणी होतं?"

मी वही उघडून आकडा बघितला.

"मग? जे मोजलं तेच लिहायचं. आणि त्या झोपड्या काढून टाक. कच्चं बांधकाम दाखवायचं नसतं. तशीही ती माणसं दिवाळीनंतर तिथं नसतात."

मी जागेवर जाऊन बसले. पेन्सिलने काढलेले ते पाच चौकोन रबराने पुसले. मग शाईचं पेन घेतलं आणि धारेच्या दोन रेषांमध्ये सावकाश, नीट, अक्षराची उंची सांभाळत लिहिलं: नाला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात 'आरेखन' असं लिहिलेलं असतं, तिथं माझी सही. मला कुणी धमकावलं नव्हतं. घरात चूल बंद पडणार नव्हती. मला नोकरी आवडत होती आणि साहेबांनी मला वेंधळी समजू नये असं वाटत होतं, एवढ्यावरच मी ते लिहिलं. याच गोष्टीची मला अजून सर्वांत जास्त चीड येते.

डंपर आले ते जानेवारीत. लाल मुरूम, डबर, कुठल्या तरी पाडलेल्या इमारतीचे तुकडे. कातकरी तेव्हा भट्ट्यांवर होते. खाडीच्या तोंडाशी दोन सिमेंटचे पाइप टाकले आणि त्यावर भराव चढत गेला. बांधही त्याखाली गेला, उघाडीही गेली. आजोबा रोज येऊन उभे राहायचे. मुकादमाला काही बोलायचे, मुकादम हात जोडून वर बोट दाखवायचा, म्हणजे वरच्यांना विचारा. वरचे कोण हे त्यालाही माहीत नसावं.

मावशीने होडी खालच्या अंगाला, मोठ्या खाडीत नेऊन बांधली. तिला आता टोपली डोक्यावर घेऊन भरावाला वळसा घालून यावं लागायचं. एकदा आमच्या पायरीवर टोपली टेकवून ती मला म्हणाली, "तू त्या मोजनीच्या हापिसात हायस ना? काय लिवलंय गो तिथं? कोन बोलतं, हितं खाडी नव्हतीच."

"मला नाही माहीत, मावशी," मी म्हटलं. "माझ्याकडे दुसरी कामं असतात."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि बोय मासे मोजून आईच्या पातेल्यात टाकले. एक जास्तीचा टाकला. ती नेहमीच टाकायची.

वैशाख सरताना कातकरी परत आले. जुन्या जागेवर भराव नव्हता, तो बरोबर त्यांच्या अंगणापर्यंत येऊन थांबला होता. मुरमाची उभी भिंत आणि तिच्या पायथ्याशी त्यांनी पुन्हा पाच झोपड्या उभ्या केल्या. दुसरं जाणार तरी कुठं. त्यांच्यात एक बाई होती, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. कडेवर लहान मुलगी. आईकडे ती कधी कधी चिंबोऱ्या घेऊन यायची आणि बदल्यात जुनं लुगडं किंवा तांदूळ न्यायची. बोलायची कमी.

श्रावण लागायच्या आधीच्या अमावास्येला सकाळपासून पाऊस कोसळत होता. मी ऑफिसला गेलेच नव्हते. अकराच्या सुमाराला मोरी उलटी वाहायला लागली. त्यात नवीन काही नव्हतं, आई म्हणाली पोतं टाक. साडेबाराला पाणी स्वयंपाकघरात घोट्यापर्यंत होतं. एकला कॉटच्या काठाला लागलं. गावाकडून येणारं पावसाचं पाणी त्या दोन पाइपांतून जायला हवं होतं, आणि समोरून उधाणाची भरती त्याच पाइपांतून आत येत होती. दोन्ही पाणी आमच्या आळीत उभं राहिलं.

मी आईवडिलांना शेजारच्यांच्या माळ्यावर चढवलं आणि मागच्या बाजूला पाहिलं. भरावावर आजोबा होते. डोक्यावर पोत्याची खोळ आणि हातात पहार. ते मुरूम खणत होते. मला आधी कळेना काय करतायत. मग कळलं, ते त्यांची उघाडी शोधत होते. जमिनीखाली कुठंतरी ते दार होतं आणि ते उघडलं तर शेताकडून पाणी निघून जाईल असा त्यांचा हिशेब होता. सत्तरीच्या पुढचा माणूस, धो धो पावसात, एकटा. त्यांच्या मुलाने येऊन त्यांना अक्षरशः उचलून नेलं तेव्हाही पहार त्यांच्या हातात होती.

भिंतीच्या पायथ्याच्या झोपड्या दिसत नव्हत्या. मावशी आणि तिचा दीर होडी घेऊन तिकडे गेले होते. तीन खेपा केल्या त्यांनी. शेवटच्या खेपेला ती कातकरी बाई होती, कडेवर मुलगी आणि दुसऱ्या हातात एक तवा. माणसं सगळी वाचली. बाकी काहीच नाही. कोंबड्या, जाळी, सुकवलेली मासळी, रेशन कार्डं, सगळं गेलं.

तिसऱ्या दिवशी पंचनाम्याला एक कारकून आला. आळीतल्या प्रत्येक घरात जाऊन त्याने काय भिजलं ते लिहून घेतलं. आमचंही लिहिलं. मग तो मागच्या बाजूला गेला, मी आळीतल्या इतर लोकांबरोबर त्याच्या मागे. कातकरी बाई आपल्या झोपडीच्या जागी उभी होती. कारकुनाने पिशवीतून एक प्रिंट काढली, आधी उलटी धरली, मग सुलटी केली.

"इथं काही नव्हतं," तो म्हणाला.

"माजं घर व्हतं," बाई म्हणाली.

"नकाशात नाही. नाल्याकाठची मोकळी जागा आहे, असं आहे बघ."

तिला वाचता येत नव्हतं. तरी तिने कागदात डोकावून पाहिलं. "मंग मी कुठं राहत व्हते?" तिने विचारलं. भांडायला नव्हे, खरोखर विचारलं.

"बाई, मी नकाशाप्रमाणे लिहितो. माझ्या हातात नाही."

मी त्याच्या खांद्यामागे उभी होते. निळसर कागदावर माझं अक्षर होतं. 'ना'चा काना मी नेहमी खाली किंचित बारीक करत न्यायचे. तसाच होता. मला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. मी बोलले नाही. कारकून कागदाची घडी घालून निघून गेला आणि ती बाई त्याच जागेवर उभी राहिली.

त्याच संध्याकाळी मी कोळीवाड्यात गेले. मावशी ओले कपडे दोरीवर टाकत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, नाला मी लिहिला. झोपड्या मी पुसल्या. 'मला नाही माहीत' असं तुला म्हटलं ते खोटं होतं.

ती कपडे टाकत राहिली. सगळे टाकून झाल्यावर म्हणाली, "तुजं अक्षर चांगलं, म्हनून घेतलं तुला, असं बोलायचीस ना तू?"

मी मान हलवली.

"जा घरी," ती म्हणाली.

ती आठ-दहा दिवस आमच्या दारावरून गेली, पण टोपली उतरवली नाही. आई विचारायची, अगं तिला झालंय काय. मी काहीतरी उत्तर द्यायचे. मग एका सकाळी ती दारात येऊन उभी राहिली. टोपली डोक्यावरच होती.

"परवा नारळी पुनव हाय," ती म्हणाली. "टेप घेऊन ये. म्हाताऱ्याला बी सांगितलंय."

त्या पौर्णिमेला दुपारी बारा वाजता आम्ही चौघं खाडीवर होतो. मी, मावशी, आजोबा आणि ती कातकरी बाई. ऑफिसची टेप मी न विचारता आणली होती. भराव झाला होता तिथं मोजता येणार नव्हतं, पण उरलेल्या खाडीत पाणी आलं होतं आणि आजोबा म्हणाले होते तसंच होतं, सर्व्हेच्या काठ्या जिथं रोवल्या होत्या तिथं मावशीच्या छातीपर्यंत पाणी होतं. मावशी पाण्यात उतरून टेपचं टोक धरायची, मी काठावरून वाचायचे.

भरावाखालच्या भागासाठी आम्ही आठवणीवर चाललो. तेव्हा मला कळलं की आठवण म्हणजे किती भांडण असतं. मावशी म्हणाली होडी लावायचा दगड चिंचेच्या समोर. आजोबा म्हणाले नाय, चिंचेच्या दहा पावलं वर. "तुमाला काय ठावं, तुमी कंदी होडी लावलीत?" मावशी म्हणाली. "मी रोज वरून बगत व्हतो," आजोबा म्हणाले. शेवटी मावशीच्या दिराला बोलावलं, त्याने तिसरीच जागा दाखवली. मी तिन्ही टिंबं काढली आणि शेजारी लिहिलं, होडीचा दगड, तिघांचं एकमत नाही. इतकी वर्षं या दिवशी नारळ कुठून सोडायचे, गणपती कुठं बुडवायचे, पोरीबाळी निवट्या कुठं पकडायच्या, वर्षातून दोनदा जिताडा मासा कुठं मिळायचा, सगळं लिहिलं. जिताड्याची जागा सांगताना आजोबांनी मावशीला लांब जायला सांगितलं. खाडी बुजली तरी ती जागा त्यांना फोडायची नव्हती.

कातकरी बाई सगळा वेळ मागे मागे होती. तिच्या जागेशी आलो तेव्हा मी पाच चौकोन काढायला घेतले. तिने माझा हात थांबवला.

"झोपडी नको," ती म्हणाली. "झोपडी दर साली इकडंतिकडं होते. चूल दाखव. चूल तितंच असते."

मी पाच चुली दाखवल्या. तिने प्रत्येक चुलीच्या बाईचं नाव सांगितलं, मी लिहिलं.

नकाशा घरी जमिनीवर काढला. साडेतीन आठवडे लागले. वडील घाबरले होते. "नोकरी जाईल," ते म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ दे." त्यानंतर ते रोज पोस्टातून आल्यावर फरशी कोरड्या फडक्याने पुसून द्यायचे, कागदाला ओल लागू नये म्हणून.

भरावाचा पुढचा तुकडा मंजूर व्हायचा होता आणि त्यासाठी हरकती मागवल्या होत्या. सुनावणी एका हॉलमध्ये होती. पुढच्या रांगेत जमिनीचा मालक, त्याचा वकील आणि आमचे साहेब. मागे कोळीवाड्यातल्या बायका आणि आजोबा. कातकरी बाई दाराशी उभी राहिली, खुर्चीवर बसली नाही. माझी पाळी आली तेव्हा मी नकाशा टेबलावर पसरला. चारी कोपऱ्यांवर ठेवायला काही नव्हतं, एक कोपरा मावशीने येऊन हाताने दाबून धरला.

सुनावणी घेणारे अधिकारी नकाशावर वाकले. मग म्हणाले, "हा कुणाचा? सर्व्हेअरची सही कुठं आहे?"

"सर्व्हेअरची नाही. माझी आहे. मोजमाप आम्ही केलं."

"मग हा अधिकृत नाही. अधिकृत नकाशा आमच्याकडे आहे."

"तोही मीच काढलाय," मी म्हटलं. "खाली बघा, सही माझीच."

त्यांनी फाइल उघडून पाहिलं. दोन्ही सह्या शेजारी धरल्या. हॉलमध्ये कुजबुज झाली. साहेब मागे वळून माझ्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नवल होतं. ते नवल मला रागापेक्षा जास्त झोंबलं.

"म्हणजे बाई, तुम्ही तेव्हा खोटं लिहिलंत की आत्ता?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"तेव्हा."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मी साहेबांकडे बोट दाखवू शकले असते. मला ते करायचंही होतं. पण पेन माझ्याच हातात होतं. "मला सांगितलं गेलं आणि मी लिहिलं," मी म्हटलं. "आता हे लिहून घ्या, की तो नाला नाही, खाडी आहे, आणि तिच्या काठावर पाच चुली होत्या."

"चुली," अधिकारी म्हणाले. लेखनिकाने वर पाहिलं. हे लिहायचं की नाही ते त्याला कळेना. मावशी त्याला म्हणाली, "लिव की. लिवायला काय जातंय तुजं." त्याने लिहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझ्या टेबलावरची पेनं उचललेली होती. साहेब एवढंच म्हणाले, "तू माझ्याशी आधी बोलायला हवं होतंस." मी म्हटलं, "बोलले होते, सर." पनवेलमधल्या दुसऱ्या कुठल्याही ऑफिसने मला घेतलं नाही. पुढे मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि कामोठ्यात नव्या सेक्टरांत शिकवण्या घेतल्या. पोटापुरतं चाललं.

भरावाचा पुढचा तुकडा झाला नाही. माझ्या नकाशामुळे झाला नाही असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही. आधीचा भराव मात्र तसाच राहिला, त्यावर गोदाम आलं, ट्रक उभे राहायला लागले. नंतर दोन वर्षं आळीत पाणी भरलं तेव्हा पाइप काढून त्या जागी पाणी जायला मोठी मोरी बांधली. त्याबद्दल फलक लागला, हार घातले गेले, आणि ज्यांनी पाणी अडवलं त्यांच्यापैकी काहीजण त्याच मांडवात पहिल्या रांगेत बसले होते. आजोबा तोपर्यंत गेले होते. मावशी पुढे काही वर्षं बाहेरून बर्फात येणारी मासळी विकायची. ती माल दाखवताना गिऱ्हाइकाला स्वतःच सांगायची, हा आपल्या खाडीचा नाय. आमच्याकडे ती पुन्हा येत राहिली. आम्ही कधी त्या विषयावर बोललो नाही, आणि जास्तीचा मासा तिने पुन्हा कधी टाकला नाही. माझं त्याबद्दल काही म्हणणं नाही.

सुनावणीच्या कागदांवरून झोपड्यांचा पुरवणी पंचनामा मंजूर झाला. मंजुरी आली ती पौष महिन्यात. पत्रे आणि भांड्यांचे संच घेऊन टेम्पो आला तेव्हा पाचही कुटुंबं वीटभट्टीवर होती. टेम्पोवाल्याला सही पाहिजे होती. जवळ राहणाऱ्या कुणीतरी सह्या केल्या आणि माल उतरवून घेतला. मला हे संध्याकाळी शाळेतून आल्यावर कळलं. मी त्या माणसाच्या घरी जाऊन भांडले. नवे पत्रे त्याच्या गोठ्यावर लागलेले दिसत होते. तो म्हणाला, "ती येतील तेव्हा देऊ की."

ती आली नाहीत. त्या वैशाखात मी वाट पाहिली, जागा रिकामीच राहिली. भरावाच्या भिंतीखाली पुन्हा राहायची त्यांची हिंमत झाली नसावी, किंवा भट्टीच्या मुकादमाने वर्षभर अडकवलं असेल. पुढच्या दोन हंगामांत रविवारी सुट्टी असली की मी एसटीने भट्ट्यांवर जायचे. पाच बायकांची नावं माझ्याकडे होती, गाव माहीत नव्हतं. भट्टीवाले विचारायचे, तुम्ही सरकारी आहात का. नाही म्हटलं की आत सोडायचे नाहीत, हो म्हटलं तर कुणी बोलायचं नाही. एका भट्टीवर विटा थापणाऱ्या एका म्हातारीने मी वाचलेल्या नावांतलं त्याच कातकरी बाईचं नाव ओळखलं. म्हणाली, होती, गेल्या साली होती, पोरीला ताप होता म्हणून मध्येच निघून गेली. कुठं गेली विचारलं तर तिने हाताने रस्त्याकडे दाखवलं. त्या बाजूला डोंगरात जाणारा रस्ता होता आणि शहराकडे जाणाराही तोच.